पाण्याला वास का येतो?

पाहुणा घरी येतो, पाण्याचा पेला तोंडाला लावतो आणि संकोचाने खाली ठेवतो. आपणांस मात्र त्या पाण्यात काही वावगे जाणवत नाही. याचे कारण सोपे आहे. नित्याच्या वासाला नाक सरावते. म्हणून पाहुण्याच्या बोलण्याचा राग न मानता त्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

जुन्या धारवाड जिल्ह्यातील लोकांनी हा धडा तुंगभद्रेकाठी घेतला. राणेबेन्नूर तालुका १९९७ पासून हावेरी जिल्ह्यात आहे. तेथील कुमारपट्टणम येथे हरिहर पॉलिफायबर्स हा कारखाना नीलगिरीच्या लाकडापासून रेयॉनसाठी लगदा करू लागला, आणि त्याचे सांडपाणी नदीत जाऊ लागले. मासे मेले, काठचे लोक तक्रार करू लागले. १९८४ पासून धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने हा प्रश्न धसास लावण्याचा यत्न केला.

लगद्याच्या सांडपाण्यात असते तरी काय? लाकूड रसायनांत शिजविले म्हणजे त्यातील लिग्निन विरघळते व पाणी तपकिरी होते. शिजविताना गंधकयुक्त रसायने वापरल्यास सडक्या कोबीसारखी दुर्गंधी सुटते. दुसऱ्या कित्येक कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल असते. अशा पाण्यात जंतुनाशक क्लोरीन मिसळले की क्लोरोफिनॉल बनते, आणि अब्जात एक-दोन भाग असले तरी पाण्याला औषधासारखी चव येते. म्हणूनच भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात फिनॉल ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असणे इष्ट नाही.

तथापि प्रत्येक वासाचा दोष कारखान्याच्या माथी मारू नये. तलावातील शेवाळानेही पाण्याला मातकट वास येतो. उलट, आर्सेनिक व नायट्रेट यांना ना वास ना चव. तेव्हा पाणी गोड लागले म्हणजे ते निर्धोक, असेही नव्हे.

मग गृहिणीने काय करावे? स्वच्छ बाटली अर्धी भरून, झाकण लावून हालवावी व लगेच हुंगावी. संशय आल्यास ते पाणी चाखू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार व धातू जात नाहीत; उलट पाणी आटते तसे ते दाट होतात. वास कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी आला ते टिपून ठेवावे, शेजाऱ्यांनाही विचारावे, आणि सर्वांनी मिळून पंचायतीकडे पाण्याचा नमुना तपासण्याची मागणी करावी. एकट्याची कुरकुर विरून जाते. साऱ्या वाडीची नोंद दुर्लक्षिणे कठीण असते.