समेवरचा मोकळा हात

पेटीवर हात बसलेल्या माणसाला रेगे वाजवायला सांगा. पहिली चूक तो करील ती सूर धरून ठेवण्याची. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, गायकाने दम घेतला की ती जागा भरून काढतो. जमैकातल्या किंग्स्टनच्या रेगेत पट्टीवर पडलेलं बोट तिथल्या तिथे उचलायचं. चार मात्रा मोजल्या तर पियानोची कॉर्ड दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, गिटारच्या जोडीने, आणि लगेच तुटते. ‘वन ड्रॉप’ ठेक्यात तर ड्रमवालाही पहिली मात्रा सोडून देतो आणि तिसरीवर घाव घालतो. समेला मान देणाऱ्या आपल्या कानाला हे सुरुवातीला पायरी चुकल्यासारखं वाटतं. हा पियानो वेगळा असा ऐकूच येत नाही. पण काढून टाका, गाणं लंगडतं. ध्वनिमुद्रणात त्याचा खर्जही बराचसा कापतात, कारण तळमजला बास गिटारचा.

ऑर्गनचं काम याहून नाजूक. त्याला म्हणतात ‘बबल’. उजवा हात पियानोबरोबर पडतो. डावा अर्धी मात्रा आधी आणि अर्धी मात्रा नंतर पट्ट्यांना नुसता टोचून जातो. मंद आचेवर आमटी रटरटावी तसा आवाज. हे शिकताना माझा डावा हात सारखा उजव्याच्या गळ्यात पडायचा.

या हातांना वळण देणाऱ्यांत जॅकी मिटूचं नाव आधी घ्यावं लागेल. जन्म 1948 चा. 1964 मध्ये ‘स्कॅटलाइट्स’ हा वाद्यवृंद निघाला तेव्हा पोरगं सोळा वर्षांचं. पुढे ब्रेंटफर्ड रोडवरच्या ‘स्टुडिओ वन’चं संगीत त्याने सांभाळलं. ऑर्गन गातोही, नाही असं नाही. विन्स्टन राइटने वाजवलेलं ‘लिक्विडेटर’ 1969 मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचलं, आणि त्यात गायक नाहीच. ऑगस्टस पाब्लोने तर शाळकरी पोरांचा मेलोडिका उचलला. तोंडाने फुंकायची ती चिमुकली पेटीच, आत तशाच धातूच्या पत्त्या.

आणि मग 1985. नोएल डेव्ही आणि वेन स्मिथ या दोघांना कॅसिओच्या एमटी-40 या छोट्या कीबोर्डवर ‘रॉक’ नावाचा तयार ठेका सापडला, बाससकट. निर्माता किंग जॅमीने त्याची लय उतरवली आणि ‘अंडर मी स्लेंग टेंग’ झालं. बासवाला नाही, ड्रमवाला नाही. जमैकाचे स्टुडिओ यंत्रांकडे वळले ते याच गाण्यानंतर. वादकांच्या पोटावर पाय आला, हेही खरंच. गंमत पुढेच आहे. तो ठेका रचला होता जपानमध्ये हिरोको ओकुदा या तरुणीने, 1980 मध्ये कॅसिओत लागल्या लागल्या. आणि संगीत महाविद्यालयात तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. ठेक्याला नाव ‘रॉक’ पडलं, पण किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या कानांनी घरचं माणूस ओळखलं.

जॅमीने त्या यंत्राच्या ठेक्यावर वरून दोनच गोष्टी घातल्या. एक टाळी, आणि एक पियानो.