देवगिरी : डोंगरातल्या नगरीचे कोडे

नांदेड-लातूरकडच्या शाळांची सहल वेरूळला निघाली की वाटेत देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला, हटकून लागतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) मागे टाकून सुमारे १५ किलोमीटर गेले की हा डोंगर एकटाच उभा दिसतो. वरचा भाग धान्याच्या राशीसारखा निमुळता, आणि खालचा भाग मात्र कोणीतरी सुरीने उभा कापून काढावा तसा ताठ. उंची आसपासच्या जमिनीपासून सुमारे २०० मीटर.

सहलीत तुम्ही चढता, दमता, अंधाऱ्या भुयारात ओरडता आणि खाली येता. पण एक प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. हा किल्ला चढून जिंकणे जवळजवळ अशक्य होते. मग तो वारंवार हातातून का गेला? यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल असे धनी तो बदलत राहिला. अभेद्य किल्ला पुन्हा पुन्हा पडतो, हे कोडे नव्हे काय? आज आपण हे कोडे सोडवू. त्यासाठी तलवारीपेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी पडेल.

डोंगराचा दगड

प्रथम डोंगराकडे पाहू. आपला मराठवाडा बहुतांशी काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचले. काही थर घट्ट आणि कठीण, तर काही थर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. पुढे वाऱ्यापावसाने आजूबाजूचा भाग झिजून गेला आणि मध्ये देवगिरीसारखे सुटे डोंगर उरले.

घट्ट बेसॉल्टचा एक गुण असा, की तो उभा कापला तरी ढासळत नाही. मातीची दरड उभी कापून पाहा, पहिल्याच पावसात ती खाली येईल. देवगिरीच्या कारागिरांनी दगडाचा हा गुण ओळखला आणि डोंगराची कंबर सुमारे ४५ ते ५० मीटर उंचीपर्यंत ताठ तासून काढली. पायथ्याशी खडकातच खंदक खोदला. घोरपडीलाही चढणे कठीण व्हावे, असा कडा तयार झाला.

हे राक्षसांचे काम, असे गावोगाव सांगितले जाते. पण वेरूळ तेथून जवळच आहे. तेथील कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, एकसंध खडक वरून खाली कोरत तयार झाले. छिन्नी, हातोडा, पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण आणि चिकाटी एवढ्या गोष्टी असल्या की राक्षसांची गरज उरत नाही.

अंधारीचे शास्त्र

खंदक ओलांडल्यावर वर जाण्याची जुनी वाट एकच, खडकात खोदलेले वळणावळणाचे भुयार. त्याला ‘अंधारी’ म्हणतात. येथे तीन युक्त्या एकत्र आल्या आहेत आणि तिन्ही शास्त्रीय आहेत.

पहिली युक्ती डोळ्यांची. भर उन्हातून अंधारात शिरले की काही क्षण काहीच दिसत नाही. डोळ्यांची बाहुली काही सेकंदांत मोठी होते. पण पडद्यावरील पेशींना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. बाहेरून येणारा शत्रू आंधळा आणि आत आधीपासून बसलेला पहारेकरी डोळस, असा हा सामना होता.

दुसरी युक्ती वळणांची. अरुंद, वळत्या पायऱ्यांवर एका वेळी एक-दोन माणसेच पुढे येऊ शकतात. मागे दहा हजारांची फौज असली तरी तिचा उपयोग नाही.

तिसरी युक्ती उष्णतेची. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असे आणि वेळ पडल्यास त्यावर जाळ पेटवीत. लोखंड उष्णतेचे चांगले वाहक. वर जाळ असला की खालची बाजूही तापते आणि ते झाकण हाताने ढकलता येत नाही. पण खडकाच्या पोकळीत जाळ पेटता कसा राहील? त्याला हवा हवी. म्हणून तेथे खडकात हवेसाठी वेगळे छिद्र पाडलेले आहे. चुलीला पुढून तोंड का ठेवतात, हे ज्याला कळले त्याला हे छिद्रही कळले.

असा हा किल्ला. मग तो पडला कसा?

मीठ आणि धान्य

यादव राजा पाचवा भिल्लम याने सुमारे ११८७ साली येथे राजधानी वसवली. पुढे रामचंद्रदेवाच्या काळात, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. यादवांचे मोठे सैन्य तेव्हा राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होते. राजा किल्ल्यात जाऊन बसला. नंतरच्या फारसी इतिहासांत अशी कथा येते, की घाईघाईने वर नेलेली पोती धान्याची समजली गेली, पण उघडल्यावर त्यांत मीठ निघाले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिचा रोख पाहा. कडा कोणी चढला नाही, अंधारी कोणी ओलांडली नाही. किल्ला पोटाने हरला. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य पुरते संपले.

तीनशे वर्षांनी, १६३३ साली, मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. त्याने बाहेरचे तट सुरुंग लावून एकामागून एक घेतले. आत उपासमार सुरू झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला स्वाधीन केला. या वेळीही कडा आणि अंधारी जागच्या जागी शाबूत होते.

धान्य साठवता येते. पण माणूस अन्नाशिवाय काही आठवडे काढू शकतो, पाण्याशिवाय मात्र काही दिवसच. म्हणून खरा हिशेब पाण्याचा.

पाणी किती उंच चढते?

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो, हे तुम्ही पाहिले असेल. नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येते. हाच नियम वापरून देवगिरीच्या नगराला पाणी दिले होते. आसपासच्या उंच भागात पाणी अडवायचे आणि मातीच्या भाजलेल्या नळांतून ते खाली शहरात आणायचे. असे नळ तेथे सापडले आहेत.

पण या नियमाला एक मर्यादा आहे. जेथून पाणी निघाले त्या पातळीपेक्षा वर ते आपोआप चढत नाही. म्हणून नळाचे पाणी डोंगराच्या पायथ्याच्या नगरात येई. शिखराकडच्या भागात मात्र खडकात कोरलेल्या टाक्यांत साठेल तेवढ्यावरच भागवायचे. अर्थ उघड आहे. खालचा तट पडला की मोठा पाणीसाठा शत्रूच्या हाती आणि राजा वर मूठभर पाण्यावर. उंची हे किल्ल्याचे बळ, आणि तीच त्याची दुखरी बाजू.

खालच्या महाकोटात ‘हत्ती हौद’ आहे. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी ३८ मीटर आणि खोली सुमारे ६.६ मीटर. चला, पाणी मोजू.

३८ × ३८ × ६.६ = सुमारे ९,५३० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे हौदात ९५ लाख लिटर पाणी मावते.

आता समजा वेढ्यात ५,००० माणसे आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला २० लिटर दिले. रोजचा खर्च १ लाख लिटर. शिवाय ऊन आपला वाटा घेतेच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ८ मिलिमीटर उतरते असे धरले, तर हौदाच्या १,४४४ चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज सुमारे साडेअकरा हजार लिटर पाणी उडून जाते. दोन्ही मिळून हौद सुमारे ८५ दिवसांत कोरडा. घोडे, हत्ती आणि गुरे यांचे पाणी अजून आपण धरलेलेच नाही. एवढा प्रचंड हौद, पण जेमतेम तीन महिने!

येथे महंमद तुघलकाची आठवण होते. १३२७ साली त्याने दिल्लीहून येथे राजधानी हलवली. सगळी दिल्ली रिकामी झाली असे वर्णन वाचायला मिळते. पण मुख्यतः दरबारी, अधिकारी, सैनिक, विद्वान आणि सूफी यांना हलवले असावे, असे अनेक इतिहासकार मानतात. काही वर्षांतच लोकांना परत जाण्याची मोकळीक मिळाली. उत्तरेतील बंडे आणि दुष्काळ, दूरवरून कारभार चालवण्याची अडचण, अशी त्याची कारणे अनेक. पाणी हेच एकमेव कारण म्हणणे चूक ठरेल. पण मोठी वस्ती अचानक कमी पावसाच्या मुलखात आणली की काय ताण येतो, हे वरच्या गणितावरून तुम्हीच ठरवा.

पेरूच्या डोंगरातील उलटे गणित

आता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर माचू पिचू ही नगरी आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास इंका सम्राट पाचाकुती याच्या काळात ती बांधली गेली आणि सुमारे शंभर वर्षांत ओस पडली. १९११ साली अमेरिकन अध्यापक हायरम बिंगहॅम तेथे पोचला आणि ती जगाला ठाऊक झाली. आसपासच्या शेतकऱ्यांना ती आधीपासून माहीत होतीच. त्यांच्यापैकीच एकाने बिंगहॅमला वाट दाखवली.

तिच्याबद्दलही परग्रहावरील माणसांपर्यंत कथा रचल्या गेल्या. पण अभियंत्यांनी तेथे मोजणी केली तेव्हा दिसले ते असे. डोंगराच्या उतारावर एक झरा आहे. तेथून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट काढून, त्याला बेताचा उतार देऊन पाणी गावात आणले आणि एकाखाली एक अशा १६ कारंज्यांतून खेळवले. कोरड्या दिवसांत झऱ्याला मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी. दिवसाचे झाले ३६,००० लिटर. वस्ती १,००० धरली तरी माणशी ३६ लिटर. गाव बांधण्याआधी झरा मोजलेला होता, असेच म्हणावे लागते.

तेथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांची अडचण पाणी मिळवण्याची कमी, ते घालवण्याची जास्त. न घालवले तर डोंगराचा उतारच घसरेल. म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांखाली दगडगोट्यांचे थर आणि जागोजाग गटारे केली. आपल्याकडे पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेथे पाण्याला वाट करून द्यायची, येथे त्याला थांबवायचे. दोन्हीकडे कारागीर हुशार होते. निसर्गाने घातलेले गणित मात्र वेगळे होते.

आपल्या गावचे गणित

हे सारे जुने झाले, असे म्हणू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार करा. पूर्ण भरलेल्या एका गाडीतून माणशी साधारण साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. आणि अशा जवळजवळ चार गाड्या म्हणजे एक हत्ती हौद.

त्या वर्षी लातूरला कोणी वेढा घातला नव्हता. तट पडला नव्हता, रस्ते मोकळे होते. तरीही शहर देवगिरीच्या माथ्यावरच्या राजासारखे अडकले होते.

आता तुमचे काम. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होते. हे एवढे एकच सूत्र पाठ ठेवा. हत्ती हौद भरायला ७०० मिलिमीटर पावसात किती जमीन लागेल? सर्व पाणी धरले तर सुमारे १३,६०० चौरस मीटर, म्हणजे साडेतीन एकरांहूनही थोडी कमी. अर्धे पाणी मुरले, वाहून गेले, तर सुमारे पावणेसात एकर.

शाळेच्या छताची लांबी-रुंदी दोरीने मोजा. तुमच्या तालुक्याचा सरासरी पाऊस विचारा. गुणाकार करा आणि शाळेतील मुलांच्या संख्येने भागा. आलेला आकडा वर्गातील फळ्यावर लिहा. शंभर चौरस मीटरचे लहानसे छतसुद्धा ७०० मिलिमीटर पावसात ७०,००० लिटर पाणी झेलते. त्यातले किती आपण साठवतो आणि किती गटारात जाते, हेही शेजारी लिहा.

पुढच्या खेपेस सहल देवगिरीला गेली की अंधारीत जरूर ओरडा. पण खाली उतरताना हत्ती हौदाच्या काठावर पाच मिनिटे थांबा. किल्ल्याचे कोडे अंधारात जेवढे आहे, त्याहून जास्त त्या हौदात आहे.