पाणवठा जवळ, चारा दूर

बुद्धपौर्णिमेची प्राणिगणना आटोपली. मचाणावरून कोणाला काय दिसलं, तेही वाचून झालं असेल. त्याच्या शेजारी दर उन्हाळ्यात आणखी एक बातमी असते: जंगलात टँकर, नवे सौरपंप, नवे कृत्रिम पाणवठे. तहानलेल्या जनावराला पाणी पाजणं पुण्याचंच. पण पाणी कुठे ठेवलं, यावर कोण तगेल आणि कोण संपेल हे ठरतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला हा धडा फार महागात पडला.

सव्हानातल्या पाणवठ्याभोवती जनावरं वाटेल तशी पांगलेली नसतात. झेब्रा, वाइल्डबीस्ट आणि म्हशी गवतावर जगतात. गवत वाळलं की त्यांना जवळपास रोज पाणी लागतं, म्हणून कोरड्या दिवसांत त्यांचे कळप पाण्यापासून काही किलोमीटरच्या आतच असतात. पाला खाणाऱ्या जिराफाला पानांतूनच बरीच ओल मिळते, त्यामुळे तो लांब राहू शकतो. हत्तींमध्ये पिल्लं असलेले कळप पाणी धरून राहतात, नर दूरवर भटकतात. रोन आणि सेबल ही मोठी हरणं मात्र गर्दीपासून लांबच राहतात. तिथे गवत उंच असतं आणि भक्ष्यांची दाटी नसल्यामुळे सिंहही कमी असतात.

वेळाही वाटलेल्या असतात. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात बारमाही नदी नाही. १९३०च्या दशकापासून तिथली जनावरं बोअरवेलच्या पाण्यावर तगून आहेत. ऑक्टोबरमध्ये काठाजवळ गवताची काडी उरत नाही. शेण, लीद आणि खुरांखाली पीठ झालेली माती, एवढंच. झेब्रे भर उन्हात येतात. आधी बऱ्याच अंतरावर थबकतात. काही माना वर करून झुडपांकडे बघत राहतात, बाकीचे भराभर पितात, आणि सगळा कळप धूळ उडवत निघून जातो. अंधार पडला की सिंहाची वेळ, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. संध्याकाळी हत्ती उतरले की इतरांना बाजूला व्हावं लागतं.

क्रुगरमध्येही १९३०च्या दशकापासून बोअर मारले गेले, बंधारे घातले गेले. कुंपणांनी जनावरांच्या जुन्या वाटा अडवल्यावर तर पाण्याची सोय करणं अपरिहार्यच वाटू लागलं. अखेर तीनशेहून अधिक बोअर झाले. उत्तरेकडच्या कोरड्या मैदानात पाणी आलं आणि त्यामागे झेब्रे आले. त्यांनी उंच गवत खुरटं केलं. झेब्र्यांमागे सिंह आले आणि रोन त्यांच्या तावडीत सापडलं. १९८६ मध्ये सुमारे साडेचारशे असलेली रोन हरणं १९९३ पर्यंत पंचेचाळीसच्या आसपास उरली. मधल्या दुष्काळाचाही त्यात वाटा होता, पण संशोधकांचा मुख्य रोख पाणवठ्यांकडेच होता. पुढे उद्यानाने धोरण बदलून अनेक पाणवठे बंद केले. रोनची संख्या मात्र पूर्ववत झाली नाही.

या विषयात नॉर्मन ओवेन-स्मिथ या दक्षिण आफ्रिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाचं म्हणणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९९६ मध्ये त्यांनी पाणवठ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. पाणी सर्वत्र दिलं, तर रोज पाणी लागणाऱ्या जनावरांचंच फावतं आणि दुर्मीळ जाती मागे पडतात, असं ते सांगतात. शिवाय पाण्यापासून लांबचं न चरलेलं गवत म्हणजे दुष्काळासाठी कणगीत राखलेलं धान्य. पाणवठे दाट झाले की ते आधीच फस्त होतं. १९८२-८३च्या दुष्काळात हे दिसलंही. क्रुगरला लागून असलेल्या क्लासेरी या खासगी अभयारण्यात पाणी जागोजागी होतं, तरीही तिथे क्रुगरपेक्षा कितीतरी जास्त जनावरं मेली. ती मेली उपासमारीने, तहानेने नाही.

आपली जंगलं म्हणजे क्रुगर नव्हे. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण ताडोबा किंवा मेळघाटात नवा पाणवठा खणण्याआधी आजूबाजूचं गवत किती आणि तिथे आज कोण चरतं, याची नोंद व्हायलाच हवी. पाणवठे मोजून कामगिरी ठरवणं थांबलं पाहिजे. आणि एखाद्या संस्थेने तुमच्याकडे पाणवठ्यासाठी देणगी मागितली, तर पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा: इथून पुढचं पाणी किती किलोमीटरवर आहे, आणि पाऊस पडल्यावर हा पंप कोण बंद करणार?