आधी क्लच, मग गिअरबॉक्स

राजापूरहून धारतळ्यामार्गे नाटे गावाकडे येताना गाडी कातळाच्या सड्यावर मोकळी धावते आणि वळणं-उतार लागले की गिअर उतरवावे लागतात. तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा हा खेळ इथे सतत चालतो. द्रुतगती मार्गावर महिनोन्महिने लपून राहिलेला गिअरबॉक्सचा दोष म्हणूनच कोकणात आल्या आल्या उघडा पडतो. गेल्या काही दशकांत या रस्त्यावरच्या गाड्या बदलत गेल्या. गिअर टाकताना होणारी खरखर मात्र प्रत्येक पिढीतल्या गाडीने ऐकवली. बदललं ते तिचं कारण.

सुरुवात एसटीपासून करावी लागते. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी निघाली आणि पुढे लाल गाडी खेडोपाडी पोचली. त्या काळच्या जड गाड्यांच्या गिअरबॉक्सला बहुधा सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नसे. खालचा गिअर टाकायचा तर ‘डबल क्लच’ मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर. मधल्या झटक्याने आतल्या चाकांचा वेग जुळतो आणि दात दातांत बिनबोभाट बसतात. अंदाज चुकला की कर्रर्र! मग मागच्या सीटवरून हमखास शेरा यायचा, ‘डायवर नवा दिसतोय.’ तेव्हा खरखर म्हणजे चालवणाऱ्याची चूक, यात कुणाला शंका नसे.

खरं तर या कसरतीवर उपाय निघून तोवर बरीच वर्षं झाली होती. कॅडिलॅकने 1928 मध्येच सिंक्रोमेश आणला होता. पोर्शने 1952 पासून आपल्या 356 या स्पोर्ट्स कारला स्वतःच्या पद्धतीचा सिंक्रो बसवला. कल्पना साधी आहे. गिअरला लागून एक शंकू असतो, त्यावर पितळी रिंग घासते, दोन्हींचा वेग एक झाला की मगच दात अडकतात. पायाने करायचं काम रिंग करते, आणि ते करता करता झिजते.

आपल्याकडे हे सुख हप्त्याहप्त्याने आलं. गणपतीला चाकरमान्यांना घेऊन येणाऱ्या पद्मिनी मोटारीला स्टिअरिंगजवळच्या दांड्याने टाकायचे चार गिअर होते, पण पहिल्याला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण उभी न करता पहिला टाकला की ती ओरडणारच. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. हलका क्लच, हलका गिअर. पुढच्या पिढीला डबल क्लच शिकायची गरजच उरली नाही. इथेच एक नुकसान झालं असं मला वाटतं: लोकांचा कान गेला. गिअर वाजला की ‘गिअरबॉक्स गेला’ एवढंच निदान शिल्लक राहिलं.

आता सागरी मार्गाने आंबोळगड, यशवंतगड बघायला दोन दारांच्या ठेंगण्या गाड्याही येतात. स्पोर्ट्स कार हे आता निव्वळ परदेशी प्रकरण राहिलेलं नाही. 2012 च्या ऑटो एक्स्पोत दिसलेली डीसी अवंती पुण्याकडची. रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि सहा गिअर. अशा गाड्यांत इंजिन-गिअरबॉक्स सीटच्या मागे आणि गिअरचा दांडा पुढे असतो. मधलं काम लांब केबल करतात. केबलचं अ‍ॅडजस्टमेंट बिघडलं तरी गिअर पुरता बसत नाही आणि आत काहीही खराब नसताना आवाज येतो.

अशा गाडीत निदानाचा क्रम पाळला नाही की खिसा रिकामा होतो. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. ते अलगद पडले आणि इंजिन चालू केल्यावर सगळेच अडले, तर संशय क्लचवर. मग उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाईत वाजला तर ते मनावर घेऊ नये. थांबूनही वाजला तर मात्र क्लच पुरता सुटत नाही. उलट, उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चालताना फक्त दुसरा किंवा तिसरा वाजतो, तर त्या गिअरची रिंग बघायची. इथे एसटीवाल्यांचा डबल क्लच पुन्हा कामाला येतो. तो मारल्यावर तोच गिअर निमूट पडला, तर सिंक्रो झिजला हे जवळजवळ नक्की, कारण वेग जुळवायचं त्याचं काम तुमच्या पायाने केलं.

तरीही गिअरबॉक्स उघडण्याआधी ऑइल काढावं. जाणता मिस्त्री ते ट्रेमध्ये घेतो, बोट बुडवून उन्हात धरतो. बोटावर सोनेरी चमक दिसली तर ती रिंगांची पितळी धूळ. लोहचुंबक तिला ओढत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर थोडा काळा गाळ असतोच, पण पोलादाचे कण टोचू लागले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइलही चुकीचं असू शकतं. जीएल-4 लागणाऱ्या बॉक्समध्ये ‘भारीतलं’ म्हणून जीएल-5 ओतलं, तर ते रिंगला पकड घेऊ देत नाही, आणि त्यातली काही रसायनं पितळाला मानवत नाहीत.

नाट्यासारख्या खाडीकाठच्या गावात आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, ते म्हणजे पावसाळा. मालक मुंबईला, गाडी अंगणात प्लास्टिकखाली. चार महिन्यांच्या दमट खाऱ्या हवेत फ्लायव्हील गंजतं आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. क्लचच्या नळीतलं ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं, त्याने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर आतून खराब होऊन झिरपू लागतो. गणपतीला गाडी काढावी तर गिअर पडत नाही. मग ट्रकवर चढवून ती शहरात जाते आणि तिथे अख्खा गिअरबॉक्स उतरवण्याचं एस्टिमेट हातात पडतं. स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचलून ओल आहे का बघायला पाच मिनिटं लागतात, हे त्या एस्टिमेटात कुठेच नसतं.

तेव्हा गावी गाडी ठेवून जाणार असाल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन जा. दर पंधरवड्याला इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये, चार-सहा वेळा क्लच दाबून सोडायला सांगा. आणि कोणी ‘गिअरबॉक्स उतरवू या’ म्हणालं, तर आधी क्लचचा पंप, स्लेव्ह सिलिंडर आणि केबल तपासून घ्या. ऑइल काढाल तेव्हा समोर उभे राहा.