माऊस की चेंडू?

मैत्रिणींनो, संगणक आता कचेरीतून थेट आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आहे. कुणी शाळेचे गुण भरते, कुणी मराठी टायपिंगची कामं घेते, कुणी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवते. आणि संध्याकाळी मनगट चोळत बसते! मनगट दुखलं की काम थांबतं, काम थांबलं की हाती येणारे चार पैसेही थांबतात. म्हणून आज ट्रॅकबॉलविषयी.

ट्रॅकबॉल म्हणजे जागचा न हलणारा माऊस. त्याच्या खाचेत एक चेंडू असतो. तो बोटाने फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. हात, मनगट, कोपर जागेवरच! टेबलावर पुस्तकं, डबे, भाजीची पाटी असली तरी अडत नाही. हे काही नवं खूळ नव्हे बरं का. 1946 साली राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी असा चेंडू योजला. पुढे 1952 च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी केलेल्या यंत्रात तर चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. माऊस त्यानंतरचा!

यात दोन प्रकार. एकात चेंडू अंगठ्याने फिरवायचा, दुसऱ्यात मधल्या बोटांनी. निवड इथेच नीट करायची. आपला अंगठा आधीच दमलेला असतो. विळीवर नारळ खवणायचा, कपडे पिळायचे, तान्हं बाळ काखेतून उचलायचं, सगळा भार त्याच्यावर. अंगठ्याकडचं मनगट दुखत असेल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेऊच नका, बोटांचा घ्या. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हलकेच वाकवताना कळ आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. वस्तू बदलून दुखणं बरं होईलच असं नाही.

नेमकेपणाचं म्हणाल तर चेंडूचा आकार बघावा. लॉजिटेकच्या एम 575 चा अंगठ्याचा चेंडू 34 मिलिमीटरचा, तर केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माऊसचा बोटांचा 55 मिलिमीटरचा. मोठा चेंडू बोटांनी अगदी केसभर सरकवता येतो. बारीक चौकटीत आकडे भरताना याचा उपयोग होतो. मात्र तो टेबलावर जागा जास्त घेतो. डावखुऱ्या बहिणींनी दोन्ही बाजूंनी सारखाच असलेला घ्यावा. एम 575 उजव्या हातासाठीच आहे.

माऊस कुठल्याही दुकानात मिळतो, ट्रॅकबॉल मात्र बहुधा मागवावा लागतो, आणि किंमतही साध्या माऊसच्या कित्येक पट. तेव्हा घरचं कुणी मुंबई-पुण्याला जाणार असेल तर सोबत जाऊन हाताखाली धरून बघा. तळहात सैल टेकतो का? बटणं दाबताना बोट ताणावं लागत नाही ना? ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत आधी वाचून ठेवा.

पहिले आठ-दहा दिवस बाण भलतीकडेच पळेल. घाबरू नका. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा वेग कमी करा, सवय झाली की वाढवा. कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी खुर्ची घ्या. खुर्ची ठेंगणी असेल तर उशी घाला, पाय लोंबकळले तर पाट ठेवा.

आता निगा. चेंडू ज्या छोट्या मण्यांवर फिरतो, त्यांवर हाताचं तेल आणि धूळ बसते, मग तो अडखळतो. आपल्याकडच्या दमट हवेत तर जरा जास्तच लक्ष द्यावं. आठवड्यातून एकदा चेंडू काढून कोरड्या मऊ फडक्याने तो आणि मणी पुसा. एम 575 च्या पोटाला भोक असतं, तिथून पेन्सिलीने ढकलला की चेंडू बाहेर येतो. खोबऱ्याचे हात धुऊनच कामाला बसा.

आणि हो, चेंडू काढलात की मुलांवर नजर ठेवा. एवढी सुरेख गोटी कोण सोडतंय!