तारखेच्या आधीचं काम

‘लय त्रास दिला, मॅडम,’ एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीमागच्या बाकावर. समोरची वकील तिच्यापेक्षा वयानं लहान. नुसत्या ‘त्रासा’वर अर्ज उभा राहत नाही, हात कधी उचलला, घराबाहेर कधी काढलं, हे लागतं. तारखा आठवेनात, तेव्हा वकील सणांकडे वळली. ‘ताई, नागपंचमीला माहेरी होता का? आणि पोळ्याला? बाळाला तेव्हा कुठला डोस झाला होता?’ पिशवीतून लसीकरणाचं कार्ड निघालं. त्यावर एक पक्की तारीख होती. तिथून मागेपुढे मोजत वहीत घटनाक्रम उतरू लागला. दीडेक तास गेला तरी स्त्रीधनाची यादी बाकीच होती. कोणता दागिना कुणाकडे आहे, सोनाराची पावती आहे का, नसेल तर लग्नाच्या फोटोत तो दिसतो का.

एवढा वेळ या वकिलीणबाईंना परवडतो, कारण त्या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या फेलो आहेत. दरमहा ठरलेलं मानधन, मसुदा तपासून देणाऱ्या एक ज्येष्ठ वकील, आणि बदल्यात महिन्याचा अहवाल. एरवी सीनिअरच्या चेंबरमध्ये ज्युनिअरनं मुदतीचा अर्ज द्यायचा, पुकारा झाला की ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणायचं आणि पुढची तारीख डायरीत टिपायची. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. नुसतं सुचवलं. इथल्या बार रूममध्ये मी हा आकडा काढला, तेव्हा चहा पिणारे मनमोकळे हसले.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. वकील मिळणं निराळं आणि त्यानं बाकावर बसून ऐकणं निराळं.

ऐकण्याइतकंच शोधणंही असतं. पोटगीच्या अर्जावर नवऱ्याचं म्हणणं आलं, की त्यात बहुधा तो मोलमजुरी करत असतो. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र बंधनकारक केलं. पण शपथपत्रातलं खोटं आपोआप उघडं पडत नाही. मी पाहिलेल्या एका फायलीत त्या मजुराच्या नावावर सातबाऱ्यात बागायत निघाली. शिवाय ट्रॅक्टर. गट नंबर बायकोला ठाऊक नव्हता. विहिरीशेजारचं शेत कुणाचं, हे मात्र पाठ होतं. शेजाऱ्याच्या नावावरून गट शोधला. ज्येष्ठ वकिलांकडून मसुदा परत आला तेव्हा निम्म्यावर लाल खुणा होत्या, त्यातली एक अशी: ‘विशेषणं काढा, सातबारा जोडा.’ मला या फेलोशिपमधली ही सगळ्यात मोलाची शिकवण वाटली. प्रशिक्षणाच्या शिबिरांपेक्षाही.

खटकतं ते निराळंच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा म्हणतो, पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच महिने जातात. फेलोशिपला मुदत असते, प्रकरणांना ती पाळायची सवय नाही. पैसे देणारे वर्षाच्या हिशेबानं आकडे मागतात: किती अर्ज, किती आदेश. सातबारा शोधण्यात गेलेली दुपार कोणत्या रकान्यात भरायची? या फेलोचं मानधन मार्चअखेर थांबणार आहे. वकीलपत्रं तिच्याच नावावर आहेत, ती सोडायचा तिचा विचार नाही. म्हणून आतापासूनच तिनं जमिनीच्या वाटणीचे दोन दावे घेतलेत. त्यांची फी बऱ्यापैकी आहे.

त्या दिवशी आणखी एका फायलीत बेलीफाचा शेरा आला होता: सामनेवाला गावी नाही, ऊसतोडीला गेला. पक्षकाराकडून तिनं मुकादमाचं नाव काढलं, मुकादमाकडून कारखान्याचं. मग टपरीवर उभ्यानंच नव्या पत्त्यावर समन्स काढण्याचा अर्ज लिहिला. पट्टा पडायच्या आत, म्हणजे टोळी हलायच्या आधी, ते तिथं पोचायला हवं.