मोलगीच्या डोंगरातली मोजणी

1985 साली जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरण प्रकल्पाला 45 कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा मोलगी धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून तेरा वर्षे होती. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की सातपुड्यातले हे बाजाराचे गाव लागते. आसपासच्या पाड्यांवरचे भिल्ल आणि पावरा लोक इथे भगर आणि आमचूर विकायला येतात, होळीला जवळच्या काठीची वाट धरतात. मोलगीच्या उत्तरेला डोंगर उतरत उतरत नर्मदेला भिडतात. त्या उतारावरची, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बुडिताच्या यादीत होती.

आज कंपन्या दरवर्षी पर्यावरण आणि समाज यांच्याविषयी शेकडो आकडे जाहीर करतात. फंड व्यवस्थापक ते चाळतात, पतमापन संस्था त्यांवरून गुण देतात, बँका कर्जाच्या अटी ठरवतात. हा व्यवहार दलाल स्ट्रीटवर किंवा लंडन-न्यूयॉर्कमध्ये जन्मला असे आपण धरून चालतो. पण पैसे देणाऱ्याने प्रकल्पाखालच्या माणसांची माहिती स्वतः तपासून घ्यावी, ती खोटी ठरली तर पैसा थांबवावा, हा धडा जगाला ज्या थोड्या ठिकाणांनी दिला त्यांत नर्मदेचा हा काठ आहे. म्हणून 1985 पासूनच्या या प्रवासाकडे मोलगीच्या बाजूने पाहायला हवे.

सुरुवात चुकीच्या आकड्याने झाली. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने 1979 मध्ये अंतिम निवाडा दिला, तेव्हा महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांत मिळून सुमारे 7 हजार कुटुंबे विस्थापित होतील असा अंदाज होता. पुढे हाच सरकारी आकडा 40 हजारांच्या वर गेला. एवढी तफावत केवळ लोकसंख्या वाढल्याने पडत नाही. धरणाच्या पाण्याची पातळी, कालव्यांचे जाळे, घळभरणीची वर्षे यांचा हिशेब दशांशापर्यंत होत होता. डोंगरातल्या माणसांची मोजणी मात्र सातबाऱ्यावर टेकली होती, आणि या डोंगरातल्या कितीतरी शेतांना सातबाराच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर वनखात्याची, म्हणून कसणारा 'अतिक्रमणदार'. अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची की नाही, सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब मानायचे की नाही, यावर राज्याराज्यांची धोरणे वेगळी होती. कोणाला मोजायचे हे ठरवणे म्हणजेच कोणाला द्यायचे हे ठरवणे होते. आजच्या शाश्वतता अहवालांतही हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तिथेच सगळ्यांत कमी लक्ष जाते.

बँकेकडे नियम नव्हते असे नाही. सक्तीच्या विस्थापनाविषयी तिचे धोरण 1980 पासून होते, आदिवासींविषयीचे 1982 पासून. राज्यांनी स्वतंत्र देखरेख ठेवावी अशी व्यवस्थाही होती, आणि महाराष्ट्रात ते काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते. पण नियम वॉशिंग्टनच्या फायलीत, गावे सातपुड्यात, आणि मधले अंतर कापण्याची गरज कर्ज देताना कोणाला वाटली नव्हती. ते अंतर कापले गावांनीच. मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी पाड्यापाड्यांत फिरले. 'किती कुटुंबे, कुठली जमीन, कधी देणार' हे साधे प्रश्न गावकरी अधिकाऱ्यांना विचारू लागले. उत्तर मिळेना, तेव्हा लोकांनी मोजणीलाच विरोध केला. यातून उभ्या राहिलेल्या नर्मदा बचाओ आंदोलनाचा आवाज परदेशातही पोहोचला. टर्बाइनसाठी पैसा देणाऱ्या जपानने 1990 मध्ये हात आखडता घेतला.

1991 मध्ये बँकेने जे केले ते तिच्या इतिहासात आधी कधी झाले नव्हते. आपणच पैसा दिलेल्या प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी तिने नेमली. अध्यक्ष ब्रॅडफोर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. त्यांचे सहकारी थॉमस बर्गर हे कॅनडाचे माजी न्यायाधीश. सत्तरच्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायुवाहिनीची चौकशी करताना त्यांनी उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांत जाऊन सुनावण्या घेतल्या होत्या. नर्मदेच्या खोऱ्यातही ही मंडळी गावांत गेली, लोकांशी बोलली आणि सरकारी आकड्यांना जमिनीवर आणून पाहिले. 18 जून 1992 ला त्यांचा अहवाल आला. 245 गावांतले निदान एक लाख लोक विस्थापित होणार, कालव्यांमुळे बाधित होणाऱ्या आणखी सुमारे 1 लाख 40 हजारांचा नीट विचारच झालेला नाही, बँकेने आणि राज्यांनी आपल्याच धोरणांचे पालन केले नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बँकेने मागे हटून नव्याने विचार करावा, ही शिफारस होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळात मतदान झाले. अमेरिका, जपान, जर्मनी यांच्यासारख्या मोठ्या भागधारकांचे प्रतिनिधी विरोधात गेले, तरी बहुमताने सहा महिन्यांच्या अटींवर कर्ज चालू ठेवले गेले. त्या अटी पुऱ्या होणार नाहीत हे दिसू लागल्यावर 30 मार्च 1993 ला भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. सप्टेंबर 1993 मध्ये बँकेने कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले. आता बाधित लोक स्वतः तिथे तक्रार करू शकत होते. 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असे जाहीर आवाहन केले आणि त्याला महाराष्ट्रातल्या बुडिताच्या पहिल्या गावाचे नाव दिले: मणिबेली.

बँक गेली, पैसा मात्र थांबला नाही. 1993 च्या अखेरीला धरण बांधणाऱ्या सरदार सरोवर नर्मदा निगमने सामान्य गुंतवणूकदारांसाठी डीप डिस्काउंट बाँड काढले. 3,600 रुपये भरा आणि वीस वर्षांनी 1 लाख 11 हजार घ्या. (पुढे गुजरातने कायदा करून 2009 मध्येच 50 हजारांना त्यांची परतफेड केली.) सेबीला कायदेशीर अधिकार 1992 मध्ये मिळाले होते, पण कंपनीने विस्थापित कुटुंबांची संख्या दरवर्षी गुंतवणूकदाराला सांगावी असा नियम तेव्हा देशात नव्हता. बँकेने अर्धवट का होईना उघडलेली खिडकी या बाँडच्या खरेदीदारासाठी बंदच राहिली. या मागोव्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा टप्पा हाच आहे. मध्यमवर्गीय घरांतली बचत डोंगरातल्या प्रश्नाशी जोडली गेली आणि त्या घरांना ते कळण्याचा रस्ता नव्हता.

नंतरची वर्षे भराभर सांगता येतील. तळोद्याच्या वनजमिनीवर वसाहती उठल्या, काही कुटुंबे तिकडे गेली, काही डोंगरातच राहिली. 2000 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. 2001 मध्ये महाराष्ट्राने नेमलेल्या न्यायमूर्ती दाऊद समितीला अनेक कुटुंबे अजून 'घोषित'च झालेली नाहीत असे आढळले. म्हणजे निवाड्याच्या बावीस वर्षांनंतरही मोजणी अपुरी होती. धरणाची 138.68 मीटरची उंची 2017 मध्ये पुरी झाली, 2019 मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला.

दरम्यान पैशाच्या जगाने नर्मदेचा धडा हळूहळू नियमांत उतरवला. नर्मदेवरच वर मध्य प्रदेशात महेश्वर धरणातून 1999 मध्ये दोन जर्मन वीज कंपन्या बाहेर पडल्या. 2003 मध्ये दहा मोठ्या बँकांनी प्रकल्प-कर्जासाठी इक्वेटर तत्त्वे स्वीकारली, 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे आली. नॉर्वेच्या सरकारी निधीने 2007 मध्ये वेदांताला आपल्या यादीतून वगळले. 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी त्याच वेदांताच्या खाणीला नकार दिला.

भारतात 2012 मध्ये सेबीने पहिल्या 100 कंपन्यांना जबाबदारी अहवाल सक्तीचा केला. 2021 मध्ये त्याचे नवे, तपशीलवार रूप आले, बीआरएसआर, आणि 2022-23 पासून ते बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना लागू झाले. त्यातले आठवे तत्त्व मोलगीच्या माणसाने वाचावे असे आहे. पुनर्वसन चालू असलेला प्रत्येक प्रकल्प, राज्य, जिल्हा, प्रकल्पग्रस्त कुटुंबांची संख्या, त्यांपैकी किती टक्के सामावली, वर्षात किती रक्कम दिली, असा तक्ताच त्यात आहे. स्थानिक लोकांच्या तक्रारी कशा ऐकता, हाही प्रश्न आहे. कंपनीला वाटले तर सरकारने मागास म्हणून निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत सामाजिक दायित्वाचा किती खर्च केला तेही लिहिता येते, आणि 2018 पासून नंदुरबार त्या यादीत आहे. 1985 मध्ये कर्जदात्याकडे नसलेले हे रकाने आज छापील नमुन्यात आहेत. याला मी छोटी गोष्ट मानत नाही. त्यामागे माणसांचे कष्ट आहेत.

पण हे रकाने वापरतो कोण? 2023 मध्ये सेबीने 'बीआरएसआर कोअर' आणून निवडक आकड्यांची बाहेरच्या तपासनीसाकडून खात्री करून घेण्याची अट घातली. कर्बवायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षा, स्त्रियांचे प्रमाण, छोट्या उत्पादकांकडून खरेदी हे त्या गाभ्यात आले. प्रकल्पग्रस्त कुटुंबांची संख्या आली नाही. म्हणजे विजेच्या युनिटची खात्री बाहेरचा माणूस करणार, आणि घर गेलेल्या कुटुंबांचा आकडा कंपनीने लिहिला तोच धरायचा. अल्ट्राटेक सिमेंटने 2021 मध्ये परदेशात 40 कोटी डॉलरचे रोखे काढले, तेव्हा कर्बवायू कमी करण्याचे उद्दिष्ट व्याजदराशी बांधले. कर्बवायूच्या आकड्यावर व्याज ठरू शकते, तर पुनर्वसनाच्या टक्केवारीवर का ठरू नये? अडचण तंत्राची नाही. कर्बवायूचा आकडा गुंतवणूकदार मागतो, पुनर्वसनाचा मागत नाही.

सामाजिक दायित्वाच्या रकान्याचेही तसेच. 'नंदुरबार' या नावापुढे रक्कम येते. ती शहरात खर्च झाली की घाटावर, त्यातून मोलगीच्या दवाखान्याला काय मिळाले, भगर कांडणाऱ्या बायांचा माल कोणी चांगल्या भावाने घेतला का, हे त्या रकान्यात मावत नाही. जिल्हा हे एकक या कामासाठी फार मोठे आहे. तक्त्यात तालुका आणि गाव आले पाहिजे, आणि अहवालाचा तो भाग ग्रामसभेत मराठीत वाचला गेला पाहिजे. मोर्स आणि बर्गर यांची तपासणी खरी ठरली, कारण ती ज्यांच्याविषयी होती त्यांच्यासमोर झाली.

वाचकांपैकी अनेकांच्या नावावर म्युच्युअल फंड असेल, निवृत्तिवेतनाचा पैसा बाजारात असेल, एखाद्या वीज किंवा खाण कंपनीचे चार शेअर असतील. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यातले आठवे तत्त्व उघडा, पुनर्वसनाचा तक्ता पाहा आणि भागधारकांच्या सभेत किंवा पत्राने एवढेच विचारा: ही कुटुंबे कोणी मोजली, आणि कोणत्या गावात जाऊन?